ज्याचे गाणे, त्याचा सूर

मैफलीच्या पत्रिकेवर गायकाचे नाव असते, साथीदारांची नावे असतात, मांडववाल्याचे आणि माईकवाल्याचेही शेवटी आभार मानले जातात. पेटी सुरात लावून देणारा, तंबोऱ्याची जवारी काढणारा, पियानोच्या तारा जुळवणारा माणूस मात्र त्यात नसतो. त्याचे काम कार्यक्रम सुरू होण्याआधीच संपलेले असते आणि ते जितके नीट झाले असेल तितके ते कोणाच्या लक्षात येत नाही. पुढची पाने या माणसाविषयी आहेत. त्याची उपेक्षा झाली म्हणून हळहळ व्यक्त करण्यासाठी मी ती लिहिलेली नाहीत. त्याच्या कामाच्या पोटात एक जुना वाद आहे आणि त्या वादाचा निकाल तो रोज, तोंडाने काही न बोलता, हाताने लावत असतो. सूर बरोबर आहे हे ठरवायचे कोणी? शास्त्राने, यंत्राने, कारागिराच्या कानाने, की ज्याला त्या वाद्यावर गायचे-वाजवायचे आहे त्याच्या आवडीने?

या पुस्तकाचा कौल गाणाऱ्याच्या आवडीला आहे. मात्र याचा अर्थ गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा, असा कोणी घेऊ नये. गिऱ्हाइकाची आवड ओळखायची, ती आपल्या आवडीपासून वेगळी ठेवायची आणि लाकूड-पितळ-तारेच्या मर्यादेत तिला बसवायचे, ही तिन्ही कामे अवघड आहेत. ज्याला एकच ‘बरोबर’ सूर येतो त्याचे काम सोपे असते. चार प्रकारचे बरोबर ठाऊक असून समोरच्याला कोणता हवा हे ज्याला कळते, तो खरा कारागीर.

हे मी मालेगावात बसून लिहितो आहे. मालेगाव म्हटले की महाराष्ट्राची नजर नाशिककडे वळते, म्हणून सांगितलेले बरे: हे वाशिम जिल्ह्यातले, अकोला-वाशिम रस्त्यावरचे मालेगाव, जुन्या लोकांच्या बोलण्यातले मालेगाव जहांगीर. 1998 साली वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, तेव्हापासून आमचा तालुका वाशिमचा. पियानोशी इथल्या जगण्याचा काही संबंध नाही. पण पेटीवाचून इथे पान हलत नाही. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच भागातून पुढे रिसोडकडे सरकते. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्राचीन स्थान आहे आणि तिथल्या स्तवनांना पेटीची साथ लागते. तुकडोजी महाराजांची (1909–1968) खंजिरीवरची भजने वऱ्हाडातल्या गावागावांत पोचली, ती अजून म्हटली जातात. म्हणजे एकाच तालुक्यात पेटीची मागणी करणारे किमान तीन प्रकारचे लोक, आणि तिघांचे गाणे तीन तऱ्हेचे.

गावच्या हरिनाम सप्ताहातली पेटी डोळ्यांपुढे आणा. पहाटे काकडा, दिवसा पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर. चोवीस तासांत त्या एका पेटीवर दहा-बारा जण गातात. काकड्याला म्हातारे बुवा काळी एकने सुरू करतात. हरिपाठाला तरणी पोरे दोन पट्ट्या वर चढतात. दुपारी महिला मंडळ येते, त्यांचा सा काळी चारला. कीर्तनकार स्वतःची पट्टी घेऊन येतात आणि पेटीवाल्याने ती निमूटपणे धरायची असते. आता या पेटीला सूर लावायचा तर कोणाचा लावायचा?

इथे थोडे गणित सांगणे भाग आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की प्रत्येक भाग 100 सेंटचा होतो. बाजारातून नवी आलेली पेटी बहुधा अशीच लावलेली असते. तिच्यावर कुठल्याही पट्टीला सा धरा, सगळीकडे सारखीच वाजते. पण तिचा शुद्ध गंधार सा पासून 400 सेंटवर असतो आणि तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार 386 सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक कान तयार नसलेल्याला जाणवत नाही, तयार गायकाला मात्र तो खड्यासारखा टोचतो. म्हणून शास्त्रीय गाणारे पेटी ‘गांधार ट्यूनिंग’ करून मागतात. गायकाची पट्टी ठरलेली असली की कारागीर त्या पट्टीच्या सा पासून गंधार उतरा करतो, धैवत 884 सेंटवर आणतो, निषाद त्यांच्याशी जुळवतो. मग ती पेटी तंबोऱ्यात विरघळल्यासारखी वाजते.

हीच पेटी सप्ताहात नेऊन ठेवा. काळी एकला लावलेली आहे असे धरू. काळी एकचे बुवा खूश. पुढचा गाणारा काळी दोनने उठला. त्याचा पंचम येतो काळी पाचवर. पण काळी पाच म्हणजे आधीच्या बुवांचा धैवत, तो मुद्दाम उतरा ठेवलेला. परिणामी काळी दोनवाल्याला जो पंचम मिळतो तो शुद्ध पंचमापेक्षा सुमारे 22 सेंट खाली असतो. गंधार थोडा इकडेतिकडे झाला तर भजनात खपून जातो. पंचम हलला तर सा सुद्धा पायाखालून सरकतो. चांगला गळा असलेला माणूस बेसूर वाटायला लागतो आणि लोक त्यालाच नावे ठेवतात. शास्त्राच्या दृष्टीने जी पेटी अधिक शुद्ध, ती सप्ताहाच्या मांडवात अधिक चूक ठरते. उलट भजनी मंडळाची सर्वांना चालणारी पेटी घेऊन ख्यालाच्या साथीला बसलात तर गायक पहिल्या आलापातच वळून बघेल. दोन्ही पेट्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पेटी कोणासाठी आणि कुठल्या गाण्यासाठी आहे, हे न विचारता तिला हात लावणारा कारागीर कितीही तयार कानाचा असला तरी अर्धवटच काम करतो.

आणि विचारणे म्हणजे नुसते तोंडाने विचारणे नव्हे. गिऱ्हाइकाला बहुधा आपल्याला काय हवे ते सांगता येत नाही. ‘आवाज जरा मोकळा करा’, ‘पेटी दबून बोलते’, ‘वरचे सूर टोचतात’ अशी त्याची तक्रार असते आणि त्या तक्रारीतून कानशीच्या किती ओढी निघतात हे त्याला माहीत नसते. जाणता कारागीर म्हणूनच पेटी उघडण्याआधी ती मालकालाच वाजवायला लावतो, जमल्यास गायलाही लावतो. तो बोटांकडे फार बघत नाही, भात्याकडे बघतो. कारण भात्याच्या हाताने निम्मा निकाल लागतो. पितळी सुराच्या जिभेवर हवेचा दाब वाढला की तो सूर किंचित उतरतो, खर्जाचे सूर जास्त उतरतात. भजनात पखवाज आणि पन्नास टाळांच्या वर आवाज काढायचा म्हणून भाता जोराने मारणाऱ्याची पेटी हलक्या हाताने तपासून लावली, तर दुकानात सुरेल आणि देवळात बेसूर अशी तिची गत होते. जो जसा भाता मारतो, त्याच्या त्या दाबावर सूर तपासावा लागतो.

जिभेच्या उचलीचेही तसेच. सुराची पितळी जीभ तिच्या फटीपासून किंचित वर उचललेली असते. उचल कमी ठेवली तर सूर नुसत्या झुळकीने बोलतो, द्रुत ताना वाजवणाऱ्या साथीदाराला हेच हवे असते. पण एकदम जोराची हवा आली की तो घुसमटतो. उचल जास्त ठेवली तर जोर सोसतो, आवाज दणदणीत निघतो, मात्र हळू वाजवताना बोलायला क्षणभर उशीर लावतो. दोन्ही एकदम मिळत नाही. कुठे किती सोडायचे हा निर्णय कारागिराच्या आवडीने घ्यायचा नाही, वाजवणाऱ्याच्या गाण्याने घ्यायचा.

प्रत्यक्ष सूर लावण्याची कृती जवळून पाहावी. सूर चढा करायचा असेल तर जिभेचे टोक घासून हलके करायचे, उतरा करायचा असेल तर मुळाशी, रिबिटाजवळ घासायचे. जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, म्हणजे ती वाकत नाही, आणि बारीक कानशीने दोन-तीन ओढी मारायच्या. लगेच ऐकून चालत नाही. घासल्याने पितळ तापते आणि तापलेला सूर किंचित उतरा बोलतो, म्हणून निवेपर्यंत थांबायचे. मग पेटीतला दुसरा, तोच सूर सोबत वाजवून लाटा मोजायच्या. एक सूर सेकंदाला 440 कंपनांचा आणि दुसरा 442 चा असेल तर सेकंदाला दोन लाटा कानावर आदळतात. लाटा मंदावत जाऊन थांबल्या की दोन सूर एक झाले. काही वाजवणाऱ्यांना मात्र तीच संथ लहर आवडते, तिने आवाज भरल्यासारखा वाटतो. त्यांच्यासाठी एखादी लाट मुद्दाम शिल्लक ठेवायची. या कामात एक गोष्ट कायमची असते: घासून गेलेले पितळ परत येत नाही. टोक जास्त घासले म्हणून मुळाशी घासा, मग पुन्हा टोकाशी, असे चार वेळा झाले की जीभ निर्जीव होते आणि एक दिवस तुटते. जुन्या जर्मन किंवा पॅरिसच्या सुरांच्या पेट्या असोत, की पालिताण्याच्या सुरांच्या, अशाच हातांनी वाया गेल्या आहेत. आधी ऐका आणि मग घासा, हा या धंद्यातला नियम नुसत्या सौजन्यातून आलेला नाही. चूक सुधारता येत नाही, म्हणून तो आला.

मिरजेच्या तंबोऱ्यात ही गोष्ट आणखी सूक्ष्म होते. शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि सितारमेकर हे आडनावच होऊन बसले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यांचा हात यांतून घडणाऱ्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा घडवणे ही एक कला आणि त्याची जवारी काढणे ही दुसरी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नखाएवढाही नाही इतका उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा सापडली की एका तारेतून सुरांचा झोत उठतो. उतार किती द्यायचा याला माप नाही. एखाद्या गायकाला खुली, झणझणीत जवारी लागते, कारण त्याचा आवाज जाड आणि त्याला वरचे स्वर ऐकू यायला हवे असतात. दुसऱ्याला गोल, मिटलेली जवारी हवी, कारण त्याचा आवाज मुळातच टोकदार. म्हणून मिरजेच्या दुकानात गायक तंबोरा घ्यायला येतो तेव्हा त्याने सा लावून दाखवल्याशिवाय घोडीला कानस लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेब (1872–1937) मिरजेत राहिले, त्यांना वाद्यदुरुस्तीची स्वतः जाण होती. गाणारा आणि घडवणारा यांच्यातला संवाद इतका जवळ आल्यामुळे मिरजेचा हात तयार झाला, असे मला वाटते.

हा संवाद तुटला की काय होते, याचीही उदाहरणे आपल्याकडे आहेत आणि ती शिकण्यासारखी आहेत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यासाठी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्याचा आधार घेतला होता. सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स देवलांच्या विचारांनी भारावले आणि दोघांच्या खटपटीतून विलायतेत खास श्रुतींची पेटी तयार झाली. मोजमाप काटेकोर होते, हेतू प्रामाणिक होता. तरी 1916 साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ही पेटी कलावंतांच्या गळी उतरली नाही. रागागणिक आणि घराण्यागणिक हलणारा कोमल रिषभ किंवा गंधार एका आकड्यात बांधला गेला की गायकाला तो परका वाटतो. मूळ माप गायकाच्या गळ्यातूनच घेतलेले होते. पण एकदा घेतल्यावर पुन्हा गायकाकडे जाऊन, आता तुमचे काय म्हणणे, असे विचारण्याचा रस्ता त्या यंत्रात उरला नव्हता. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली, तिच्यात वाजवणारा स्वतः खटके ओढून रागाप्रमाणे श्रुती बदलू शकतो. निर्णय वाजवणाऱ्याच्या हातात परत आला, हा त्या रचनेतला मला दिसणारा मुख्य गुण.

दुसरे उदाहरण सरकारी. हार्मोनियमला मींड येत नाही, तिचे सूर ठोकळेबाज, असा आक्षेप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक मान्यवरांनी घेतला. रवींद्रनाथ ठाकूरही तिच्या विरोधात होते. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या स्टुडिओत बंदी केली आणि ती 1971 पर्यंत सरसकट टिकली, त्यानंतरही ती पूर्णपणे उठली नाही. आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. पण त्याच काळात महाराष्ट्रातली संगीत नाटके पेटीवर आणि पायपेटीवर उभी होती. गोविंदराव टेंबे (1881–1955) यांनी याच वाद्याला एकल मैफलीची प्रतिष्ठा मिळवून दिली होती आणि खेड्यातले भजन तर पेटीशिवाय सुरूच होत नव्हते. रेडिओने वाद्याचा निवाडा केला. ते ज्यांच्यासाठी वाजत होते त्यांची पसंती त्या निवाड्यात मोजली गेली नाही. मधल्या तीन दशकांत पेटी टिकवली ती गावोगावच्या मंडळांनी, नाटकवाल्यांनी आणि त्यांना सूर लावून देणाऱ्या कारागिरांनी.

पियानोचे प्रकरण या पुस्तकात शेवटी ठेवले आहे. आपल्याकडे पियानो मुंबई, पुणे, गोवा अशा ठिकाणी. मुंबईत 1865 पासून फुर्तादोसारखी दुकाने या वाद्यांच्या धंद्यात आहेत. पावसाळी दमट हवेने लाकडी पाट फुगतो आणि सूर चढतो, कोरड्या दिवसांत उतरतो, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर पियानो जुळवणाऱ्याला फुरसत नसते. दोनशेहून अधिक तारा आणि 88 पट्ट्यांच्या या अवाढव्य वाद्यात आवडीला जागा ती किती असणार, असे वाटते. प्रत्यक्षात ती भरपूर असते. हातोडीच्या नमद्यात सुया टोचून तो मऊ केला की आवाज मवाळ होतो, घट्ट केला की लखलखीत. पट्टीचे वजन हलके किंवा जड करता येते. स्टाइनवे कंपनीचे फ्रांझ मोर हे पियानोवादक होरोविट्झचे पियानो सांभाळत. होरोविट्झला इतकी हलकी पट्टी लागे की दुसऱ्या वादकाला ती हाताळणे कठीण जाई. 1986 साली मॉस्कोच्या कार्यक्रमाला तो आपला पियानो आणि मोर या दोघांनाही घेऊन गेला. 2009 च्या ‘पियानोमानिया’ या माहितीपटात व्हिएन्नाचे पियानो जुळवणारे श्टेफान क्न्युप्फर दिसतात. पिएर-लॉरां एमार या वादकाला बाखच्या एका रचनेच्या ध्वनिमुद्रणासाठी एकाच पियानोतून ऑर्गनसारखे, क्लॅव्हिकॉर्डसारखे वेगवेगळे आवाज हवे असतात आणि हा माणूस ते मिळेपर्यंत थकत नाही, चिडत नाही. आमच्या सप्ताहातला पेटीवाला आणि व्हिएन्नातला हा कारागीर यांच्या हत्यारांत, पैशांत, मानात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कामाचा प्रश्न मात्र एकच.

मर्यादांविषयीही या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. गिऱ्हाइकाची आवड पहिली, याचा अर्थ वाद्याचा जीव दुसरा असा होत नाही. शंभर वर्षांच्या पियानोच्या तारा एकदम पाऊण सूर चढवून मागितल्या तर तारा तुटतील, चौकटीला तडा जाईल. तिथे नाही म्हणणे हेच कारागिराचे कर्तव्य. अति घासलेल्या सुरांची पेटी पुन्हा ‘चढवून’ मागणाऱ्याला नवे सूर बसवा म्हणून सांगावे लागते, आणि बसवायला पैसे नसतील तर निदान पुढच्या वर्षापर्यंत तशीच वाजवा म्हणून परत पाठवावे लागते. अलीकडे मोबाइल पुढे करून, यात काटा हिरव्यावर येत नाही, अशी तक्रार करणारे गिऱ्हाईकही येते. त्याच्याशी भांडू नये. पेटी आणि तंबोरा समोरासमोर ठेवून दोन्ही गंधार त्याला ऐकवावेत. मग त्याला हिरवा काटाच हवा असेल तर तो त्याचा अधिकार आहे, पण ऐकून घेतलेला निर्णय आणि न ऐकता घेतलेला निर्णय यांत फरक असतो. आवड घडू शकते. तिला घडण्याची संधी देणे हाही कारागिरीचाच भाग, फक्त शेवटचा शब्द त्याने आपल्याकडे ठेवू नये.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात पेटी, दुसऱ्यात तंबोरा, तिसऱ्यात पियानो. प्रत्येक भागात आधी वाद्याची रचना, मग सूर लावण्याची कृती, मग गिऱ्हाइकांच्या तऱ्हा. कंपनसंख्या आणि सेंटचे कोष्टक ज्यांना नको असेल त्यांनी ते खुशाल ओलांडावे, कृतीच्या प्रकरणांचे त्यावाचून अडत नाही. ज्यांना पेटी दुरुस्तीला द्यायची आहे त्यांनी मात्र गिऱ्हाइकांविषयीची प्रकरणे आधी वाचावीत. कारागिराकडे जाताना नुसती पेटी नेऊ नका. रोज गाणारा माणूस सोबत न्या, तुम्ही कुठे गाता, किती जण गातात, कोणत्या पट्टीला गाता ते सांगा आणि पाच मिनिटे तरी भाता मारून दाखवा. मंडळाची पेटी असेल तर सर्वांत उंच आणि सर्वांत खाली गाणाऱ्या दोघांनाही घेऊन जा. कारागिराने हे विचारले तर त्याला उशीर करतो म्हणून बोल लावू नका, आणि त्याने काहीच न विचारता पेटी उघडायला घेतली तर ती उचलून परत आणा.

मालेगाव, जि. वाशिम